कॉल्पोस्कोपी आणि एंडोमेट्रियल बायोप्सी एकाच भेटीत : वारंवार येणाऱ्या सीओ-९७ डिनायलचे निवारण

अमेरिकेतील स्त्रीरोग क्लिनिकांचे बिलिंग सांभाळणाऱ्या पुण्यातील कोडिंग आणि एआर (थकलेली येणी वसूल करणाऱ्या) टीमांपुढे एक डिनायल, म्हणजे विमा कंपनीचा पैसे देण्यास नकार, पुन्हा पुन्हा येते. रुग्णाची एकाच भेटीत कॉल्पोस्कोपी (भिंगाच्या साधनाने गर्भाशयमुखाची तपासणी) झालेली असते, गर्भाशयमुखाची बायोप्सी आणि एंडोसर्विकल क्युरेटाज (गर्भाशयमुखाच्या आतल्या मार्गाचे खरवडणे) झालेले असते, आणि त्याच टेबलावर गर्भाशयाच्या अस्तराचा नमुनाही घेतलेला असतो. क्लेमवर, म्हणजे विमा कंपनीकडे पाठवलेल्या बिलावर, ५७४५५, ५७४५६ आणि ५८१०० असे तीन प्रोसिजर कोड जातात. त्यांपैकी एका ओळीचे पैसे येतात आणि उरलेल्या ओळी सीओ-९७ किंवा सीओ-२३६ चा शेरा घेऊन परत येतात. मग कोणीतरी त्या ओळींना ५९ मॉडिफायर ('ही सेवा वेगळी होती' असे सांगणारी कोडला जोडायची दोन अंकी खूण) लावतो, क्लेम पुन्हा जातो, कधी पैसे सुटतात, कधी सुटत नाहीत, आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्या रुग्णाच्या खात्यावर तेच घडते.

खराडी असो, हिंजवडी असो की मगरपट्टा, हा प्रश्न चर्चेला आला की पहिला सल्ला मॉडिफायरचाच मिळतो. माझे स्पष्ट मत असे आहे की या डिनायलचे मूळ कोडच्या निवडीत आहे आणि ते तिथेच दुरुस्त करावे लागते. नमुना शरीराच्या नेमक्या कोणत्या भागातून, कोणत्या साधनाने आणि कशाच्या जोडीने घेतला, हे प्रोसिजर नोटमधून वाचून काढले की या क्लेमवर मॉडिफायरची गरजच बहुधा उरत नाही.

शेरा काय सांगतो ते आधी पाहावे

ईओबी किंवा ईआरए (क्लेमवर काय दिले आणि काय नाकारले याचा विमा कंपनीचा हिशेब) हातात आल्यावर सगळी डिनायल्स 'बंडलिंग' (एका सेवेत दुसरी धरलेली असणे) या एकाच ढिगात टाकू नयेत. ९७ याचा अर्थ असा की या सेवेचा मोबदला दुसऱ्या सेवेच्या मोबदल्यात आधीच धरलेला आहे; त्याच्या जोडीला बऱ्याचदा एम१५ हा रिमार्क कोड असतो. २३६ असेल तर एकाच दिवशीच्या दोन प्रोसिजर कोडांची जोडी एनसीसीआयच्या, म्हणजे कोणते कोड एकत्र चालतात हे ठरवणाऱ्या अमेरिकी सरकारच्या, नियमांत बसत नाही, असे विमा कंपनी सांगत असते. १०७ आला तर गोष्ट वेगळी असते : तुम्ही ॲड-ऑन कोड पाठवला, पण ज्या मूळ कोडच्या आधाराने तो उभा राहतो तो त्या क्लेमवर सापडला नाही. ११ मध्ये निदान आणि प्रोसिजर यांचा मेळ बसलेला नसतो, आणि ५० मध्ये वैद्यकीय गरज मान्य झालेली नसते. हे पाचही शेरे याच एका भेटीच्या क्लेमवर येऊ शकतात आणि प्रत्येकाचा उपाय निराळा आहे. ११ आलेल्या ओळीला ५९ लावणे म्हणजे पाय मोडलेल्या माणसाला चष्मा देण्यासारखे आहे.

ग्रुप कोडही वाचावा. सीओ असेल तर ती रक्कम रुग्णाच्या माथी मारता येत नाही. पीआर असेल तर ती रुग्णाकडे वळते. आपण येथे एक ओळ चुकीची लावतो आणि तिकडे एका बाईच्या घरी ज्या तपासणीचे पैसे तिने द्यायलाच नकोत त्याचे बिल पोहोचते, ही शक्यता प्रत्येक वेळी ध्यानात असायला हवी.

कोडांचे कुटुंब आणि त्यातली मेख

गर्भाशयमुखाच्या कॉल्पोस्कोपीचे कोड ५७४५२ पासून सुरू होतात. नुसते निरीक्षण झाले, नमुना घेतला नाही, तर ५७४५२. गर्भाशयमुखाची बायोप्सी झाली तर ५७४५५. ती एका जागेची असो वा चार जागांची, युनिट एकच. नुसते एंडोसर्विकल क्युरेटाज झाले तर ५७४५६. बायोप्सी आणि क्युरेटाज दोन्ही झाले तर त्या दोहोंसाठी मिळून ५७४५४ हा स्वतंत्र कोड आहे. म्हणजे ५७४५५ आणि ५७४५६ हे एका भेटीत शेजारी-शेजारी लिहिण्याचे कारणच उरत नाही. तसे लिहिणे हे अनबंडलिंग (एकत्रित कोड असताना तुकडे करून बिल लावणे) ठरते आणि त्यासाठी कोणताही मॉडिफायर समर्थन देऊ शकत नाही. एलईईपीच्या (विजेच्या तारेच्या वेढ्याच्या) साधनाने केलेल्या बायोप्सीसाठी ५७४६० आणि कोनायझेशनसाठी ५७४६१ आहेत. त्यांचा विचार येथे करत नाही.

खरी मेख पुढे आहे. गर्भाशयाच्या अस्तराचा नमुना म्हटले की ५८१०० हा कोड हाताला इतका सवयीचा झालेला असतो की तो आपोआप टाइप होतो. पण ५८१०० च्या व्याख्येत 'सेपरेट प्रोसिजर' (संबंधित मोठ्या प्रोसिजरसोबत वेगळी न लावायची सेवा) हे शब्द आहेत, आणि कॉल्पोस्कोपीच्या जोडीने अस्तराचा नमुना घेतला असेल तर त्यासाठी ५८११० हा ॲड-ऑन कोड दिलेला आहे. तो ५७४२०, ५७४२१ आणि ५७४५२ ते ५७४६१ या कोडांच्या जोडीने लिहायचा असतो. ॲड-ऑन असल्यामुळे त्याला ५१ (एकाहून अधिक प्रोसिजर दाखवणारा) मॉडिफायर लागत नाही, आणि तो एकटा कधीही जात नाही. बिलिंग सॉफ्टवेअरने काही कारणाने एका भेटीचे दोन क्लेम केले आणि ५८११० दुसऱ्या क्लेमवर गेला, तर वर सांगितलेला १०७ ठरलेलाच.

उलट बाजूही लक्षात ठेवावी. त्या दिवशी कॉल्पोस्कोपी झालीच नसेल, फक्त अस्तराची बायोप्सी आणि एंडोसर्विकल नमुना घेतला असेल, तर ५८१०० एवढाच कोड पुरेसा आहे, कारण त्याच्या व्याख्येत एंडोसर्विकल नमुना घेतला किंवा न घेतला तरी, असे म्हटलेलेच आहे. तेथे ५७५०५ (एंडोसर्विकल क्युरेटाज) वेगळा लावू नये.

एक नोट ओळीओळीने

समजावून सांगण्यासाठी येथे एक नोट बेतली आहे. तिची मांडणी मात्र रोज दिसते तशीच ठेवली आहे. वरचे शीर्षक : 'कॉल्पोस्कोपी, ईएमबी'. खाली मजकूर असा (ईएमबी म्हणजे अस्तराची बायोप्सी, एजीसी म्हणजे ॲटिपिकल ग्लँड्युलर पेशी, ईसीसी म्हणजे एंडोसर्विकल क्युरेटाज, पिपेल म्हणजे अस्तराचा नमुना घेण्याची बारीक नळी) :

'वय ५२. मागील पॅप चाचणीत एजीसी. स्पेक्युलम बसवले. ॲसिटिक ॲसिड लावल्यावर १२ आणि ६ वाजण्याच्या स्थानी ॲसिटोव्हाइट भाग दिसला, दोन्ही ठिकाणांहून बायोप्सी घेतली. केव्होर्कियन क्युरेटने ईसीसी केले. त्यानंतर पिपेल सरकवले, खोली ८ सेंमी, पुरेसा नमुना मिळाला. मॉन्सेलचे द्रावण लावून रक्तस्राव थांबवला. नमुने पॅथॉलॉजीकडे पाठवले.'

शीर्षकावरून कोड करणाऱ्याच्या हाती ५७४५२ आणि ५८१०० लागतील. सुपरबिलवर (भेटीतल्या सेवांवर खुणा करण्याच्या तक्त्यावर) क्लिनिकमधल्या सहायकाने केलेल्या खुणांवरून जाणाऱ्याच्या हाती ५७४५५, ५७४५६ आणि ५८१०० लागतील. मजकूर वाचणाऱ्याला मात्र क्रम स्वच्छ दिसतो. ॲसिटिक ॲसिड आणि ॲसिटोव्हाइट भागाचे वर्णन आहे, म्हणजे कॉल्पोस्कोपिक तपासणी झाली. घड्याळाच्या दोन स्थानांवरून गर्भाशयमुखाची बायोप्सी झाली. क्युरेटचे नाव आहे, म्हणजे एंडोसर्विकल क्युरेटाज झाले. येथपर्यंत ५७४५४, एक युनिट. पिपेल गर्भाशयाच्या पोकळीत गेले, खोली मोजली, नमुना मिळाला. म्हणून ५८११०, एक युनिट. मॉन्सेलचे द्रावण हा प्रोसिजरचाच भाग आहे. डॉक्टरांनी स्वतः पॅरासर्व्हायकल ब्लॉक दिला असता तरी एनसीसीआयच्या नियमांनुसार ६४४३५ वेगळा लागला नसता. प्रोसिजरपूर्वी लघवीवरून गर्भचाचणी केल्याची नोंद आणि निकाल असेल तर ८१०२५ लागू शकतो, आणि त्याला क्यूडब्ल्यू मॉडिफायर लागत नाही.

याच नोटमध्ये क्युरेटऐवजी 'एंडोसर्विकल ब्रशने नमुना घेतला' एवढेच लिहिलेले असते तर ५७४५४ वर झेप घेऊ नये. या कोडात क्युरेटाज अपेक्षित आहे. नोंद संदिग्ध असेल तर डॉक्टरांना क्वेरी, म्हणजे लेखी विचारणा, पाठवावी. गर्भाशयमुख अरुंद असल्यामुळे पिपेल आत गेलेच नाही, असेही होते. तेव्हा पूर्ण ५८११० लावता येत नाही. प्रयत्न कुठवर झाला आणि का थांबवला याची नोंद पाहून ५२ (कमी केलेली सेवा) की ५३ (मध्येच थांबवलेली प्रोसिजर) मॉडिफायर हे त्या विमा कंपनीच्या लिखित धोरणानुसार ठरवावे, आणि डॉक्टरांनी अरुंदपणाची नोंद केली असेल तर एन८८.२ जोडावा.

पडताळणीचे एक साधन माझ्या मते फारच कमी वापरले जाते, ते म्हणजे पॅथॉलॉजीचा अहवाल. त्यात नमुने ए, बी, सी अशा क्रमाने नोंदलेले असतात : ए गर्भाशयमुख, बी एंडोसर्विकल क्युरेटिंग्ज, सी एंडोमेट्रियम. प्रोसिजर नोटमध्ये तीन ठिकाणे आणि अहवालात दोनच नमुने असतील, किंवा उलट असेल, तर क्लेम पाठवण्यापूर्वी थांबून विचारावे. कोड मात्र प्रोसिजर नोटवरूनच द्यायचा. अहवालाने शंका उपस्थित करावी, नोटमध्ये नसलेली प्रोसिजर निर्माण करू नये.

पुण्यात या कामात बी. फार्म., बीएचएमएस, फिजिओथेरपी, नर्सिंग अशा पार्श्वभूमीची मुले-मुली मोठ्या संख्येने आहेत. शरीररचनेचे त्यांचे ज्ञान ही जमेची बाजू आहे. पण त्या ज्ञानामुळेच नोटमध्ये न लिहिलेली पायरी मनाने भरून काढण्याचा मोह होतो. 'एजीसी आहे म्हणजे ईसीसी केलेच असणार' हा तर्क वैद्यकीयदृष्ट्या कितीही योग्य असला तरी लिहिलेले नाही ते झालेले नाही, हाच या कामाचा नियम आहे.

निदानाचे कोड आणि पॉइंटर

वरच्या नोटमधील एजीसीसाठी, म्हणजे अप्रकारित ॲटिपिकल ग्लँड्युलर पेशींसाठी, आर८७.६१९ हा कोड येतो. अमेरिकेतील एएससीसीपी या गर्भाशयमुखाच्या आजारांवरील तज्ज्ञ संघटनेच्या मार्गदर्शनानुसार अशा निष्कर्षानंतर कॉल्पोस्कोपीसह एंडोसर्विकल नमुना घेतला जातो आणि ३५ किंवा त्याहून अधिक वयाच्या स्त्रियांत, तसेच अस्तराच्या कर्करोगाची जोखीम असलेल्या त्याहून तरुण स्त्रियांतही, गर्भाशयाच्या अस्तराचा नमुना घेतला जातो. दोन्ही तपासण्या एकाच दिवशी का झाल्या याचे उत्तर येथेच मिळते, आणि ५० चा शेरा आल्यास अपिलात मांडायचा मुद्दाही हाच असतो.

पॅप चाचणीत एएससी-यूएस (अनिश्चित बदल) असेल तर आर८७.६१०, एलएसआयएल (कमी तीव्रतेचे बदल) असेल तर आर८७.६१२, एचएसआयएल (जास्त तीव्रतेचे बदल) असेल तर आर८७.६१३, आणि उच्च जोखमीचा एचपीव्ही आढळला असेल तर आर८७.८१०. या सगळ्या पेशीतपासणीच्या किंवा प्रयोगशाळेच्या नोंदी आहेत. एन८७.० आणि एन८७.१ हे सीआयएन १ आणि सीआयएन २ (गर्भाशयमुखाच्या पेशींतील सौम्य आणि मध्यम कर्करोगपूर्व बदल) यांचे कोड मात्र ऊतितपासणीने खात्री झाल्यावरच वापरायचे. एन८७ च्या खालील एक्सक्लूड्स-१ टिपेत (या कोडसोबत काय लावू नये ते सांगणारी टीप) हे स्पष्ट आहे. पॅपमध्ये एचएसआयएल दिसले म्हणून डी०६.९ लावणे हा गंभीर प्रकार आहे, कारण त्याचा अर्थ गर्भाशयमुखाचा कार्सिनोमा इन सिटू (अजून न पसरलेला कर्करोग) असा होतो. क्लेम दुरुस्त होईल, पण ते निदान त्या बाईच्या विमा नोंदींत राहून जाऊ शकते आणि पुढे तिला त्याचे स्पष्टीकरण देत बसावे लागू शकते.

बाह्यरुग्ण कोडिंगमध्ये 'संशयित', 'शक्यता', 'रूल आउट' यांना निदान मानत नाहीत. कोड करताना पॅथॉलॉजीचा अंतिम अहवाल उपलब्ध असेल तर खात्री झालेले निदान लिहावे. नसेल तर ज्या लक्षणामुळे किंवा निष्कर्षामुळे तपासणी झाली ते लिहावे. क्लिनिकशी बोलून बायोप्सीचे क्लेम अहवाल येईपर्यंत थांबवण्याची पद्धत लेखी ठरवून घेतली तर नंतरच्या दुरुस्त्या पुष्कळ कमी होतात. अस्तराच्या नमुन्यात सौम्य हायपरप्लेझिया आली तर एन८५.०१, ईआयएन (अस्तरातील कर्करोगपूर्व बदल) आली तर एन८५.०२, आणि काहीच आढळले नाही तर मूळ कारणच राहते.

११ च्या शेऱ्याचे सर्वांत सामान्य कारण पॉइंटरमध्ये, म्हणजे कोणते निदान कोणत्या ओळीला लागू ते दाखवणाऱ्या दुव्यात, असते. सीएमएस-१५०० या क्लेमच्या अर्जाच्या २१ व्या रकान्यात बारा निदाने मावतात, पण २४-ई मध्ये प्रत्येक ओळीला फार तर चार जोडता येतात, आणि सॉफ्टवेअर पहिलेच निदान सगळ्या ओळींना जोडून मोकळे होते. ५८११० ला फक्त आर८७.८१० जोडलेला असेल तर अस्तराचा नमुना का घेतला हे कळणार कसे? तेथे आर८७.६१९ किंवा रक्तस्रावाचे निदान हवे. रजोनिवृत्तीनंतरच्या रक्तस्रावाचा एन९५.० हा कोड मात्र डॉक्टरांनी तसे लिहिले असेल तरच द्यावा. वय ५२ आहे म्हणून रजोनिवृत्ती गृहीत धरू नये.

२५ आणि ५९

५७४५४ चा ग्लोबल कालावधी (प्रोसिजरच्याच मोबदल्यात धरलेले नंतरच्या देखभालीचे दिवस) शून्य दिवसांचा आहे, आणि प्रोसिजर करण्याचा निर्णय तिच्याच मोबदल्यात धरलेला असतो. रुग्ण आधी ठरलेल्या कॉल्पोस्कोपीसाठी आली, संमती घेतली, प्रोसिजर झाली, घरी गेली, तर ९९२१३-२५ (तपासणी भेटीचा कोड, ती भेट प्रोसिजरहून वेगळी होती असे सांगणाऱ्या २५ मॉडिफायरसह) लावण्यास आधार नाही. त्याच भेटीत दुसऱ्या तक्रारीची स्वतंत्र विचारपूस, तपासणी आणि उपचाराचा निर्णय झाला असेल, आणि प्रोसिजरचा मजकूर झाकूनही ती नोंद स्वतःच्या बळावर उभी राहत असेल, तर २५ योग्य आहे.

५९ विषयी थोडक्यात. एनसीसीआयच्या जोड्या तपासताना मॉडिफायर इंडिकेटर पाहावा : ० असेल तर ती जोडी कशानेही सुटत नाही, १ असेल तर योग्य कारण असल्यास सुटते, ९ असेल तर ते एडिट रद्द झालेले आहे. इंडिकेटर १ म्हणजे परवानगी नव्हे. वेगळी जागा, वेगळी भेट किंवा वेगळी जखम असल्याची नोंद लागतेच. हे तक्ते दर तिमाहीला, म्हणजे १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबरला बदलतात. आयसीडीचे (निदानांच्या कोडांचे) मुख्य बदलही १ ऑक्टोबरलाच लागू होतात, आणि आपल्याकडे तेव्हा दसरा-दिवाळीच्या रजांचे अर्ज पडलेले असतात. सप्टेंबरमध्येच एका व्यक्तीकडे हे काम नेमून द्यावे.

हिस्टेरोस्कोपीतही (गर्भाशयाच्या आत दुर्बिणीने केलेल्या तपासणीतही) हीच गफलत दिसते. निदानात्मक ५८५५५ आणि त्याच सत्रातील बायोप्सी किंवा पॉलिप काढण्याचा ५८५५८ एकत्र जात नाहीत, कारण शस्त्रक्रियात्मक एंडोस्कोपीत निदानात्मक एंडोस्कोपी सामावलेली असते. ५८५५८ च्या व्याख्येत डी अँड सी (गर्भाशयमुख रुंदावून अस्तर खरवडणे) झाली वा न झाली तरी असे म्हटले असल्याने त्याचा ५८१२० ही वेगळा लागत नाही.

क्वेरी आणि परत पाठवणी

न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे त्यांच्या उन्हाळी वेळेनुसार संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात झालेले असतात. क्वेरी त्यापूर्वी डॉक्टरांच्या इनबॉक्समध्ये असेल तर रुग्ण सुरू होण्याआधी उत्तर मिळण्याची शक्यता असते. क्वेरीत उत्तर सुचवू नये. 'ईसीसी केले होते ना?' असे न विचारता 'एंडोसर्विकल नमुना घेण्याची पद्धत आणि साधन कृपया नोंदवावे' असे विचारावे. आणि नोटचा स्क्रीनशॉट टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून 'याला काय लावू?' असे विचारण्याची सवय तातडीने बंद करावी. १९९६ चा हिपा कायदा रुग्णाच्या ओळखीच्या माहितीला संरक्षण देतो, आणि ही माहिती तर एखाद्या बाईच्या अत्यंत खाजगी तपासणीची असते.

डिनाय झालेला क्लेम दुरुस्त करताना तोच क्लेम नवा म्हणून पाठवू नये. त्यावर १८, म्हणजे डुप्लिकेटचा शेरा येतो. खाजगी विमा कंपन्यांकडे २२ व्या रकान्यात ७ आणि मूळ क्लेम क्रमांक घालून दुरुस्त क्लेम पाठवावा. मेडिकेअर पार्ट बी (मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा अमेरिकी सरकारी विमा) मध्ये ही वाट चालत नाही. तेथे लेखनातील चुकीसाठी रीओपनिंग मागावे लागते, आणि निर्णयच मान्य नसेल तर १२० दिवसांच्या आत रीडिटरमिनेशनचा (पहिल्या पातळीच्या अपिलाचा) अर्ज करावा लागतो. कोडिंग आपलेच चुकले असेल तर अपील करू नये, दुरुस्ती करावी. दुरुस्त क्लेमवर ५७४५५, ५७४५६ आणि ५८१०० या तिन्ही ओळी काढून ५७४५४ आणि ५८११० या दोनच ओळी ठेवाव्यात. आधी आलेल्या ओळीचे पैसे विमा कंपनी परत घेऊन नव्याने देते, त्यामुळे पोस्टिंग टीमला याची पूर्वकल्पना द्यावी.

जुन्या खात्यांची यादी काढताना केवळ डिनाय झालेले क्लेम काढले जातात. ५७४५५ आणि ५७४५६ ला, किंवा कॉल्पोस्कोपीच्या दिवशीच्या ५८१०० ला ५९ लावून ज्यांचे पैसे आले, तेही त्याच यादीत घ्यावेत आणि क्लिनिकच्या कम्प्लायन्स अधिकाऱ्याकडे लेखी द्यावेत. मेडिकेअरच्या बाबतीत जास्तीचे पैसे आल्याचे निश्चित झाल्यापासून ६० दिवसांत ते कळवून परत करण्याचे बंधन क्लिनिकवर आहे.